पहिला तास गणिताचा : अनुभव धागा

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं पहिली ते चौथीला शिकवलं. यंदा विषय शिक्षक म्हणून आदेश निघाला, गणित-विज्ञान, सहावी ते आठवी. सातारा जिल्हा, धरणाच्या पाण्यापलीकडचं गाव. सहावीचा पट १७, सातवीचा १९, आठवीचा २१. शाळा उघडायला दहा दिवस आहेत आणि मी रोज रात्री सातवीचं पुस्तक उघडते आणि पहिल्याच प्रकरणाशी अडखळते.

लहान मुलांचा पहिला दिवस मला डोळे मिटून घेता येतो. फुगे, गुलाबाचं फूल, प्रभातफेरी, एखादं रडणारं पोर कडेवर. मोठ्यांचं तसं नाही. सहावी-सातवीतलं पोर गणिताचं नाव निघालं की वही उघडायच्या आधीच 'आपल्याला येत नाही' असं ठरवून बसलेलं असतं, एवढं शेजारच्या वर्गाच्या खिडकीतून मी बघितलेलं आहे.

म्हणून हा धागा. जे उच्च प्राथमिकला गणित शिकवतात, शिकवायचे, किंवा ज्यांनी बाकावर बसून ते सोसलं, त्यांनी आपापल्या पहिल्या दिवसांचं लिहा. एकच विनंती. 'गणित सोपे करण्याच्या २१ युक्त्या' नकोत, पीडीएफ नको. तुमच्या वर्गात काय झालं तेवढंच सांगा. फसलं असेल तर ते आधी.

नाशिकचा_पाऊस

माझा पहिला तास बारा वर्षं एकच आहे, आणि तो आमच्या गावाकडच्याच एका मास्तरांकडून उसना घेतलाय. द. रा. कापरेकर. देवळालीच्या शाळेत शिकवायचे. १९४९ साली त्यांना ६१७४ ही संख्या सापडली, आणि आज ती जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते.

मी वर्गात जातो, नाव सांगतो, हजेरी घेत नाही. फळ्यावर कोपऱ्यात ६१७४ लिहून त्यावर डस्टर धरून ठेवतो. मुलांना म्हणतो, कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. जे येईल त्याच्याशी पुन्हा तेच. समजा ३५२४ घेतले. ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८. आले ६१७४. पुढे कितीही करा, ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४. कुठूनही निघालात तरी फार तर सात पायऱ्यांत तिथेच. कुणी ओरडतं 'सर, अडकलं!' आणि मी डस्टर काढतो.

पोरांना ती जादू वाटते. मला त्या वेळात वेगळंच दिसत असतं. ८७३० मधून ३७८ वजा करताना एककाच्या शून्यापाशी कोण थांबतं, दशकाकडून घ्यायचं कुणाला सुचतं, आणि कोण बिनधास्त 'शून्यातून आठ गेले आठ' लिहितं. सहावीच्या वर्गात अशी सात-आठ पोरं हमखास निघतात. पायाभूत चाचणीचा कागद पुढे ठेवला असता तर हीच पोरं शेजाऱ्याचं बघून सुटली असती. इथे प्रत्येकाची संख्या वेगळी, बघणार कुणाचं?

एका वर्षीचं सांगतो. मागच्या बाकावरच्या मुलीने २१११ घेतले. २१११ वजा १११२. तिने उत्तर लिहिलं ९९९. पुढे अंक उलटसुलट लावले तरी ९९९ च, वजाबाकी शून्य. ती उभी राहिली, 'सर, माझं शून्य आलं. तुमचं चुकलं.' अख्खा वर्ग माझ्याकडे. मी म्हटलं, चार अंकी घेतली होतीस ना, मग चौथा अंक कुठे गेला? बराच वेळ वहीकडे बघत राहिली आणि मग पुढे एक शून्य लावलं. ०९९९. मग ९९९० वजा ०९९९, ८९९१. मग ८०८२. मग ८५३२. मग ६१७४. घंटा वाजली तरी बसलेलीच होती. पुढच्या शून्याला किंमत नसते असं आपणच त्यांना दोन वर्षं घोकवलेलं असतं, आणि इथे त्याच शून्यावाचून तिचं घोडं अडलं होतं.

खडूचा_तुकडा

वर नाशिककरांनी लिहिलंय तसंच गेल्या जूनमध्ये मीही केलं होतं (दुसरीकडे वाचलं होतं). ३८ पोरं. निम्म्या जणांचं ६१७४ आलंच नाही, कारण वजाबाकीच चुकली. वर्गाने बहुमताने ठरवलं की सरांचा आकडा खोटा आहे.

नाशिकचा_पाऊस

मग पुढचा तास तुम्हाला आयता मिळाला की. कुणाची वजाबाकी खोटी ते पोरांनाच एकमेकांत शोधू द्यायचं.

बालाघाटवाला

आमची शाळा बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यात. इथे नवीन वर्ष जूनला सुरू होतं ते कागदोपत्री. खरं पाहिलं तर आमच्या शाळेला दोन वर्षं असतात. एक जून ते दिवाळी, तेव्हा वर्ग भरलेला. दुसरं दिवाळी ते पाडवा, तेव्हा अर्धी लेकरं आई-बापासोबत ऊसतोडीला, कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीत). हंगामी वसतिगृह निघालं तर काही राहतात, पण आठवीतली पोरगी असली की आई म्हणते धाकट्याला कोण सांभाळील, आणि नेते.

आता सहावीचं पुस्तक उघडून बघा. पहिल्या सत्रात कोन, पूर्णांक, अपूर्णांक, दशांश. दुसऱ्या सत्रात समीकरणे, गुणोत्तर-प्रमाण, शतमान, नफा-तोटा, सरळव्याज. म्हणजे आमच्या लेकराला कोन मोजता येतो आणि शतमान हा शब्दच माहीत नाही. दरवर्षी, नेमकं तेच अर्धं पुस्तक जातं. सातवीच्या जूनमध्ये मी आलो की समोर दोन तऱ्हेचे विद्यार्थी बसलेले, एक अख्खी सहावी झालेले आणि एक अर्धी.

पहिली दोन वर्षं मी वेड्यासारखं केलं. जूनच्या पहिल्याच दिवशी शतमानाचा धडा काढला. 'शतमान म्हणजे काय?' कुणी बोलेना. फळ्यावर लिहिलं, समजावलं, उदाहरण घातलं. मख्ख. एक पोरगं, तेव्हा तेरा वर्षांचं, बापाच्या बरोबरीने मोळ्या बांधणारं, ते हळूच म्हणालं, 'सर, शेकड्याचं इचारताय का?'

म्हटलं हो, शेकड्याचंच.

'मंग तसं म्हना की. शंभराला किती, तेच ना? मुकादमाचं कमिशन.'

आणि त्या पोराने मला तोडीचा हिशोब सांगितला. बैलगाडी भरून काट्यावर न्यायची, वजन करायचं. खाली करून रिकामी गाडी पुन्हा काट्यावर. वजा केलं की ऊस. टनाचा भाव, त्यात एवढ्या टनाला एवढे, त्याच्यावर शेकड्याने मुकादमाचं, आणि वरून घेतलेली उचल फेडायची. बाप हिशोब डायरीत लिहायचा आणि हे पोरगं तपासायचं, कारण बापाला आकडे येत होते पण भागाकार येत नव्हता.

तेव्हापासून माझा जूनचा पहिला आठवडा काट्याचा. भरलेल्या गाडीचं वजन देतो, रिकामीचं देतो, भाव मुलांनाच विचारतो, कारण तो मला माहीत नसतो आणि त्यांना असतो. टनाचे क्विंटल, क्विंटलचे किलो करताना दशांश चिन्ह आपोआप सरकतं. अख्खी सहावी केलेली पोरं या आठवड्यात मागे पडतात, ते बघायला मला फार आवडतं हे कबूल करतो.

सगळं गोड नाही. ते पोरगं नववीत गेलं आणि त्याच वर्षी स्वतःचा कोयता धरला. आता कधीमधी बाजारात दिसतं, 'सर, नमस्कार' म्हणतं.

रंकाळ्याकाठी

मी कोल्हापूरला, अनुदानित शाळा, सेमी इंग्रजी. आमच्याकडे पाचवीपर्यंत गणित मराठीत, सहावीला इंग्रजीत. म्हणजे सहावीचा जून हा पोरांसाठी एकदम दुसऱ्याच गावचा एसटी स्टँड.

पहिल्या वर्षी मी सरळ इंग्रजीत बोलायला लागले. दोन दिवस वर्ग इतका शांत की मुख्याध्यापक कौतुक करून गेले. तिसऱ्या दिवशी कळलं, शांत होता कारण कुणाला काही समजत नव्हतं. आठवीत तर एकाला 'रॅशनल नंबर' म्हणजे काय विचारलं, तर म्हणाला रेशनकार्डावरचा.

मग मी एक वही केली. तिचं नाव पोरांनी ठेवलं 'जुळ्यांची वही'. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. ती करताना माझेच डोळे उघडले. 'अंशाधिक अपूर्णांक' म्हटलं की अंश अधिक आहे, हे शब्दातच सांगितलेलं आहे. 'इम्प्रॉपर फ्रॅक्शन' म्हटलं की पोरं विचारतात, त्याने काय वाईट केलं? समद्विभुज त्रिकोण म्हणजे दोन भुजा समान. आयसोसेलिस पाठ करावं लागतं, आणि त्याचं स्पेलिंग मी अजूनही फळ्यावर लिहिताना एकदा थबकते. उलटंही होतं बरं का. लसावि-मसावि हे शब्द मराठीच, पण पोरांना ते निव्वळ आवाज वाटतात. लघुतम सामाईक विभाज्य असं पूर्ण उलगडून सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, 'असं आधी का नाही सांगितलं? मला वाटलं लसीकरणाचं काहीतरी आहे.' कोरोनानंतरचं पोर, तिला दोष देणार?

आता पहिला आठवडा मी दोन्ही भाषांत शिकवते. पालकसभेत एकदोघे दरवर्षी विचारतात, 'मॅडम, मग सेमीला घालून उपयोग काय?' मी हसून चहा पुढे करते.

जुनी_शाई

मी निवृत्त. ३४ वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात काढली, त्यातली २० सहावी-सातवीच्या गणिताची. आमच्या वेळी पहिल्या दिवशी मी फक्त अंकलेखन घ्यायचो. पाच संख्या सांगायच्या आणि लिहायला लावायच्या : एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, नव्व्याण्णव. सहावीच्या मुलांना हे काय, असं वाटेल. करून बघा. 'एकोणसाठ' म्हटलं की ६९ लिहिणारी मुलं निघतात. कानावर 'साठ' पडतं, हात सहा लिहून मोकळा होतो. एकोण म्हणजे एकाने ऊन, एकाने कमी, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आणि सांगितलं की एखादा चौकस पोरगा विचारतोच, मग ९९ ला एकोणशंभर का नाही? त्या पोराचं नाव मी पहिल्या दिवशीच लक्षात ठेवायचो.

२०१९ ला दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' च्या जोडीने 'वीस एक' आलं तेव्हा किती गदारोळ झाला आठवत असेल. मंगला नारळीकर गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या, बिचाऱ्यांना किती ऐकून घ्यावं लागलं. भाषा बुडाली वगैरे. मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो, ज्यांनी कधी चाळीस मुलांचं अंकलेखन तपासलेलं नाही त्यांनी यावर जरा सबुरीने बोलावं.

पण मी जुन्याचा शत्रू नाही. माझी आजी दीडकी, अडीचकी, औटकी म्हणायची, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. चौदाच्या पाढ्यात 'चौदा आठे बारोदरसे' म्हणायची. बारा उत्तर शे, म्हणजे शंभराच्या वर बारा, ११२. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण आठवड्याच्या बाजारात तिला साडेतीन आण्यांचा हिशोब कुणी फसवू शकत नव्हतं. पाढे तीसपर्यंत पाठ हवेत, याबाबत मी कुणाशी वाद घालत नाही.

खडूचा_तुकडा

सर, मी घालतो. माझ्या वर्गात एक मुलगा २९ चा पाढा गाडीसारखा म्हणतो. त्याला विचारलं, २९ रुपयांच्या सहा वह्यांचे किती, तर वही-पेन काढून २९ खाली २९ असे सहा वेळा लिहून बेरीज करायला लागला. तो पाढा त्याच्यासाठी पाढा नाहीच, आरती आहे.

जुनी_शाई

आरती तर आरती. पाठ आहे ना? पाठ असलेलं वापरायला शिकवणं हे तुमचं काम. पाठच नसेल तर काय वापरायला शिकवणार?

(पटलं नसेल तर सोडून द्या. घरीही या विषयावर मी एकटाच असतो.)

सत्तरीची_टीचर

नाव वाचून वय काढू नका, सत्तरी हा आमच्या गोव्याचा तालुका. आमच्याकडे आता जूनचा प्रश्नच मिटला. २०२५ पासून सहावीपासून पुढचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू व्हायला लागलं. त्या वर्षी ७ एप्रिलला शाळा भरली. ऐन काजूच्या दिवसांत. पहिल्याच आठवड्यात तिघे-चौघे गैरहजर, आणि जे हजर त्यांच्या बोटांना बोंडूंचा वास आणि बियांच्या चिकाचे डाग. मी पहिला हिशोब घातला तो बियांचाच : किलोचा भाव, दिवसाला किती किलो, आईने दिलेले किती. हजेरी दुसऱ्या दिवशी वाढली.

पण मला सांगायचं आहे ते पाचवीचं. इथली बरीच मुलं सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून येतात आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यम. जुनी_शाई सरांनी लिहिलंय त्याची दुसरी बाजू मला इथे दिसली. मराठीत 'सत्तेचाळीस' म्हणताना आधी सात येतात. काही मुलं तसंच लिहितात, आधी उजवीकडे ७, मग त्याच्या डावीकडे ४. उत्तर बरोबर, त्यामुळे चार वर्षं कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. मी इंग्रजीतून 'फोर्टी सेव्हन' म्हटलं. एका मुलीने सवयीच्या हाताने आधी ऐकलेला ४ उजवीकडे बसवला, मग ७ डावीकडे. वहीत ७४. मला वाटलं मुलगी मंद आहे. तीन दिवसांनी तिच्या शेजारी बसून तिचा हात बघितला तेव्हा कळलं. वही तपासून ते कधीच कळलं नसतं.

तेव्हापासून पहिले काही दिवस मी फळ्यापाशी कमी आणि मुलांच्या पाठीमागे जास्त उभी असते.

कन्हान_ते_हडसन

मूळची नागपूरची, आता न्यू जर्सीत मिडल स्कूलला सातवीचं गणित शिकवते. आमचं वर्ष लेबर डे झाला की, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पहिल्या दिवसाचा निम्मा वेळ मुलांना लॉकरचं कुलूप उघडता येत नाही यात जातो, त्यावर वेगळा धागा काढता येईल.

एक गंमत. आपण 'कंचेभागुबेव' शिकलो. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. इथली मुलं 'पेमडास' शिकतात, त्यात गुणाकार आधी आणि भागाकार नंतर. पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर २४ ÷ ४ × २ लिहिते. पेमडासवाले चार दोनी आठ करून उत्तर ३ देतात. एका वर्षी पुण्याहून नुकताच आलेला मुलगा होता, त्याने १२ सांगितलं, बरोबर. छाती फुगली त्याची. मग मी लिहिलं १० − ४ + ३. तो म्हणाला ३. का? तर कंचेभागुबेवमध्ये 'बे' आधी, 'व' नंतर. चार आणि तीन सात, दहातून सात गेले तीन. इथे पेमडासवालेही त्याच्याच बाजूने, त्यांच्यातही बेरीज आधीच आहे. पहिल्यांदाच अख्ख्या वर्गाचं एकमत, आणि उत्तर चूक. गुणाकार-भागाकार एकाच पायरीवर, बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर, आणि डावीकडून जे आधी येईल ते आधी, हे दोन्ही आद्याक्षरांच्या डब्यांत बसत नाही. उत्तर ९. मलाही हे नीट कळलं ते इथे शिकवायला लागल्यावर, हे कुणाला सांगू नका.

आठवीची_आई

शिक्षिका नाही, पालक आहे. मुलगी सातवीत होती तेव्हा पुस्तकाचे चार भाग करून आत कोरी पानं घातलेली होती, आठवतं? दप्तर हलकं झालं हे खरं. दुसरा भाग सुरू झाल्यावर आमच्या बाईसाहेबांनी पहिला भाग 'संपला' म्हणून रद्दीत दिला. मग पूर्णांकांचा गुणाकार शोधायला मी शेजाऱ्यांकडे. आता ती भानगड बंद झाली.

पहिल्या दिवसाबद्दल एवढंच, की तिच्या सरांनी पहिल्या दिवशी सगळ्यांना विचारलं होतं, गणितात तुमचं कधी बिनसलं ते लिहा. हिने लिहिलं, 'चौथीत, भागाकारात वर शून्य लिहायचं राहिलं तेव्हा.' ६१२ भागिले ६, उत्तर १२. तीन वर्षं हे पोटात घेऊन हिंडत होती आणि मला त्या कागदावरून कळलं.

रानवाटेचा_सेवक

मी शिक्षणसेवक, पवित्र पोर्टलवरून, म्हणजे सरकारी शिक्षकभरतीतून लागलो. चंद्रपूर जिल्हा. आमच्याकडे उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडते. कोरी_पाटी मॅडम, तुम्ही सातवीचं पहिलं प्रकरण म्हणालात म्हणून लिहितोय. भौमितिक रचना. माझी फजिती तिथेच झाली.

पहिली अडचण : १४ मुलं आणि कंपासपेट्या तीन. आठवड्याचा बाजार रविवारी, त्यामुळे बाकीच्यांच्या येणार त्या रविवारनंतर, तेही धानाच्या रोवणीच्या खर्चातून पैसे उरले तर. दुसरी अडचण : फळ्यावरचा लाकडी कंपास. त्याचा स्क्रू ढिला, खडू धरत नव्हता, म्हणून मी सुतळीने बांधला. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांचे दुभाजक एकाच बिंदूत मिळतात, एकसंपाती असतात, हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं आणि काढायला घेतलं. सुतळी सैल झाली. तीन दुभाजक तीन ठिकाणी भेटले आणि मध्ये एक बारकासा त्रिकोण तयार झाला.

मी तो खडूने गिरवून जाड ठिपका करायच्या बेतात होतो. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, 'सर, हे तं तीन टिंबं आहेत.' माझा नोकरीचा चौथा दिवस. कान गरम झाले.

त्या रात्री खोलीवर बसून वर्तमानपत्राचा त्रिकोण कापला आणि सहज घडी घातली, एक बाजू दुसऱ्या बाजूवर येईल अशी. घडीची रेघ म्हणजे कोनाचा दुभाजक. तिन्ही कोनांच्या तशा घड्या घातल्या. तिन्ही रेघा एका ठिकाणी. कंपास नको, काही नको. दुसऱ्या दिवशी वर्गात १४ त्रिकोण, १४ आकारांचे, आणि प्रत्येकात एकच बिंदू. त्या मुलीने टाचणी टोचून उजेडात धरून बघितलं, मगच मान्य केलं.

मॅडम, कंपासची वाट बघू नका.

कोरी_पाटी

सगळ्यांचे आभार. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले, आज जरा सवड मिळाली.

सहावीत नाशिककरांचं ६१७४ केलं. १७ पैकी ९ जणांचं आलं. उरलेल्यांची नावं माझ्या डायरीत आहेत, आणि जुनी_शाई सरांच्या अंकलेखनात त्यातलेच पाच पुन्हा सापडले. आठवीत मुलांना बिनसल्याचं लिहायला सांगितलं. तिघांनी कोरा कागद दिला. एकाने लिहिलं, 'माझं बिनसलं नाही, सरांचं बिनसलं.' काय बोलणार.

सातवीला कागद कापले. कोनदुभाजकांच्या घड्या झकास. दुसऱ्या दिवशी लंबदुभाजक, म्हणजे शिरोबिंदूवर शिरोबिंदू ठेवून घडी. मी ऐटीत म्हणाले, ह्याही एकाच बिंदूत मिळतात. खिडकीशी बसणारा एक मुलगा आहे, पहिल्या आठवड्यात माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. त्याने मुद्दाम की चुकून, देव जाणे, लांबट आडवा विशालकोन त्रिकोण कापलेला. तीन घड्या घातल्या आणि कागद वर धरला. 'मॅडम, माझा बिंदूच नाही.'

खरंच नव्हता. घड्यांच्या रेघा कागदाच्या कडेपर्यंत जाऊन संपत होत्या. रात्री वाचलेलं मला आठवत होतं, पण मी काही बोलले नाही. कागद बाकावर ठेवायला सांगितला, हातात खडू आणि पट्टी दिली. त्याने एकेक रेघ बाकावर पुढे ओढली. शेजारच्याने दप्तर उचललं, मागच्याने पाय बाजूला घेतला. तिसरी रेघ त्रिकोणापासून वीतभर लांब, बाकाच्या पार कडेला जाऊन पहिल्या दोघींना भेटली. तो खडू हातात धरून तसाच उभा, आणि सगळा वर्ग त्याच्या बाकाभोवती.

बाक मी अजून पुसू दिलेला नाही. शिपाईमामा दोनदा विचारून गेले.